पारदर्शक कारभार

नवी गाडी घरी येऊन पाच महिने झाले, तरी मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही. आईचं म्हणणं, दिवाळीपर्यंत राहू दे. कुठल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत, ते तिने सांगितलेलं नाही. त्या प्लॅस्टिकवर बसलं की उन्हाळ्यात हात चिकटतात आणि वळणावर माणूस एका दारापासून दुसऱ्या दारापर्यंत घसरत जातो. पण सीट कोरी आहे.

हे आमच्या रक्तातच आहे. आमच्याकडे टीव्हीचा रिमोट उघड्या अंगाने कोणी पाहिलेला नाही. आल्या दिवशीच त्याला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून वर रबरबँड लावतात, आणि पिशवी पांढुरकी झाली की आवाज वाढवायचं बटण अंदाजाने दाबायचं. शाळेच्या पुस्तकांना खाकी कव्हर, त्या खाकी कव्हराला पुन्हा प्लॅस्टिकचं कव्हर. इतिहासाच्या पुस्तकावर कोणाचं चित्र होतं हे मला दहावी पास झाल्यावर, पुस्तक रद्दीत घालताना कळलं. बायकोची एक पैठणी आहे, मलमलच्या फडक्यात गुंडाळलेली. मळेल म्हणून ती नेसत नाही, आणि घडीवर विरेल म्हणून दर सहा महिन्यांनी काढून घडी बदलते. पैठणीशी तिचा संबंध एवढाच.

पण या परंपरेचे मूळ पुरुष माझे आजोबा. त्यांनी नवी सायकल घेतली तेव्हा दुकानाच्या पायरीवरच सगळ्या नळ्यांना कापडी पट्टी गुंडाळून घेतली. बावीस वर्षं ते त्या सायकलवरून कचेरीत गेले. विकायला काढली तेव्हा गिऱ्हाईक म्हणालं, पट्टी सोडून दाखवा. आतून काळा कुळकुळीत रंग निघाला आणि त्यावर बारीक सोनेरी रेघा. आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले. आपली सायकल इतकी देखणी आहे हे त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, आणि तोवर इसार घेऊन झाला होता.

अशा घरातला माणूस पीपीएफच्या हाती सापडायला वेळ लागत नाही.

गाडी बुक केली त्या संध्याकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, गाडी हातात आल्या आल्या पीपीएफ करून घ्या." मी एकतीस वर्षं बँकेत काढली आहेत. पीपीएफ म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे पंधरा वर्षांची मुदत, कलम 80 सी आणि मार्चअखेरची रांग उभी राहिली. मी म्हटलं, "अरे, त्यात मी दरवर्षी भरतोच." तो म्हणाला, "मामा, तो वेगळा. त्यात भरलेले पैसे परत मिळतात." मग त्याने समजावलं. पेंट प्रोटेक्शन फिल्म. गाडीच्या रंगावर चिकटवायचा एक पारदर्शक कागद, म्हणजे दगड उडाला तर रंगाचा टवका जात नाही. दोन्ही पीपीएफमधलं एक साम्य मला पुढे दरपत्रक आल्यावर कळलं. दीड लाखाची मर्यादा सरकारने वर्षाला घातली आहे, ह्या लोकांनी गाडीला.

आई पलीकडे बसून ऐकत होती. फिल्म एवढाच शब्द तिच्या कानावर पडला. "अरे, त्या फिल्मा तर कोर्टाने बंद केल्या ना?" आई पेपर नीट वाचते. 2012 साली सुप्रीम कोर्टाने काचांवरच्या काळ्या फिल्मवर बंदी घातली, ते तिच्या लक्षात होतं. ही फिल्म काचेवर नाही, पत्र्यावर लावायची आणि काळी नाही, दिसतच नाही, असं सांगितल्यावर ती म्हणाली, "दिसत नाही तर लावली हे कळणार कसं?" त्या वेळी मी हसलो.

मी मनात नको नको म्हणत होतो, पण बी विंगमधल्या काकांनी मला घाबरवलं. काका पिंपरीच्या एका कारखान्यात पेंट शॉपला होते. त्यांच्या स्वतःच्या गाडीचं बॉनेट लांबून छान दिसतं, जवळ गेलं की देवीचे वण दिसावेत तसे पांढरे ठिपके. काका सांगतात, हा वाशिष्ठीच्या अलीकडचा, हा कशेडीचा, हे तीन एकाच दुपारी, माणगावजवळ. मुंबई–गोवा महामार्गाचं रुंदीकरण 2011 साली सुरू झालं, आणि त्यानंतर काका गणपतीला जितक्या वेळा गावी गेले त्या सगळ्या फेऱ्या बॉनेटवर नोंदलेल्या आहेत. देवळाच्या भिंतीवरचे शिलालेख वाचून दाखवावेत तसं ते बॉनेट वाचून दाखवतात.

"तुला काय वाटतं, रंग केवढा जाड असतो?" त्यांनी मला पार्किंगमध्ये अडवून विचारलं. त्यांच्या हातात कोथिंबिरीची पिशवी होती. "पत्र्याला पहिला थर गंज न धरण्यासाठी. त्यावर प्रायमर. त्यावर तुझा निळा रंग, तो फक्त पंधरा-वीस मायक्रॉन. सगळ्यात वर क्लिअर कोट, तो चाळीस-पन्नास. सगळं मिळून शंभर ते एकशेतीस मायक्रॉन. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. म्हणजे दोन केस एकावर एक ठेवले की संपलं तुझं वैभव."

मी डोक्यावरून हात फिरवला. माझ्याकडे आता तेवढंही वैभव नाही.

"आणि दगड उडून येतो असं लोक समजतात," काका पुढे म्हणाले. कोथिंबीर एव्हाना मान टाकायला लागली होती. "डंपरच्या मागच्या जोडचाकांच्या फटीत खडी अडकते, ती सुटते, रस्त्यावर टप्पा घेते आणि हवेत असते. पुष्कळदा तूच जाऊन तिच्यावर आदळतोस. वेग दुप्पट केलास की दणका चौपट. म्हणून डंपरपासून लांब राहायचं."

हा सल्ला शास्त्रशुद्ध आहे आणि पुण्यात निरुपयोगी आहे. पुढच्या गाडीपासून लांब राहिलं की मधल्या मोकळ्या जागेत आधी एक स्कूटर येते, मग रिक्षा, मग दुधाचा टेम्पो, आणि शेवटी त्याच जागेत दुसरा डंपर येतो.

शोरूमवाल्यांनी फिल्मचा जो दर सांगितला त्यात आमचं लग्न झालं असतं. मांडव, आचारी आणि परतीच्या एसट्यांसकट. भाच्याच्या मित्राचं दुकान वाघोलीच्या पुढे होतं आणि तो बारा हजारांनी स्वस्त देत होता. बारा हजार वाचतात म्हटल्यावर माणूस वाघोलीच काय, नगरपर्यंत जातो. ज्यांना पुण्याची माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, वाघोली भागात दगडांच्या खाणी आणि खडीचे क्रशर आहेत. म्हणजे खडीपासून गाडीचं संरक्षण करून घेण्यासाठी मी कोरी गाडी घेऊन खडीच्या माहेरी निघालो होतो. हे त्या वेळी सुचलं नाही. बायकोला सुचलं होतं, पण ती म्हणाली, तुम्ही वाचवलेल्या पैशांच्या मध्ये मी कधी येत नाही.

गाडीने एकूण अकरा किलोमीटर धाव घेतलेली होती. चाकाखालची लिंबं ताजी होती. पुढे डंपर, त्यावर ताडपत्री नावापुरती, एका कोपऱ्याला बांधलेली, बाकी वाऱ्यावर. मी काकांचं स्मरण करून अंतर ठेवलं. अंतरात स्कूटर आली. स्कूटरवाला उजवीकडे सटकला आणि

टक्.

आवाज लहानसा होता. सुपारी फुटावी तसा. गाडीत कोणी काही बोललं नाही. आपल्याकडची खडी म्हणजे काळा बेसाल्ट, दख्खनच्या पठारावर ज्वालामुखीच्या लाव्हाचे थर साचले त्यातला. साधारण साडेसहा कोटी वर्षं हा दगड इथे पडून आहे. डायनोसोर गेले, सह्याद्री झिजला, राजवटी आल्या आणि गेल्या, तो हलला नाही. आणि माझ्या गाडीची डिलिव्हरी झाल्यावर पंचेचाळीस मिनिटांत त्याला घाई झाली.

"काचेवर लागला असेल," बायको म्हणाली. इतकी वर्षं एकत्र काढल्यावर खोटं बोलण्यातही एक माया येते.

दुकान म्हणजे दुकान नव्हतं. आत चपला काढून जायचं. छताला मधाच्या पोळ्यासारखे षटकोनी दिवे, एसी, आणि धूळ उडू नये म्हणून ओली ठेवलेली फरशी. माझ्या गुडघ्याचा एक्स-रे काढला ते ठिकाण याच्यापेक्षा मळकट होतं. भाच्याचा मित्र, वय असेल चोवीस, मला काका म्हणाला आणि गाडीला मॅडम म्हणतोय की काय असं वाटावं इतक्या हळुवारपणे तिच्याभोवती फिरला.

त्याने फिल्मचा इतिहास सांगितला. व्हिएतनामच्या युद्धात अमेरिकी हेलिकॉप्टरांच्या पात्यांच्या कडा उडणाऱ्या वाळूने आणि कचऱ्याने झिजायच्या, तेव्हा त्यांवर पॉलियुरेथेनची फिल्म लावायला सुरुवात झाली. थ्रीएम कंपनीचं ते काम. पुढे ती शर्यतीच्या गाड्यांवर आली, मग श्रीमंतांच्या, आणि आता आमच्या. एका महासत्तेला जंगलात जी अडचण आली ती वाघोली–केसनंद फाट्यावर आम्हाला रोज येते, पण आमच्यासाठी कोणी संशोधन केलं नाही याचा मला थोडा विषाद वाटला.

"फिल्म केवढी जाड?" काकांच्या शिकवणीमुळे माझी तयारी होती.

"दीडशे ते दोनशे मायक्रॉन, काका."

म्हणजे ज्याचं रक्षण करायचं त्याच्याहून रक्षक जाड. मी हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, मऊ असते म्हणूनच चालते. दगड बसला की ती दबते आणि दणका पसरवून घेते. कडक गोष्टीचा टवका उडतो, मऊ गोष्ट सोसते. म्हणून सिरॅमिक कोटिंगने काम होत नाही. ते एक-दोन मायक्रॉनचं, पाणी ओघळायला आणि चमकायला चांगलं, दगडापुढे त्याचं काही चालत नाही. आणि स्वस्तातली पीव्हीसीची फिल्म मिळते ती घेऊ नका, दोन उन्हाळ्यांत पिवळी पडते. मला आमचं लॅमिनेट केलेलं जुनं रेशनकार्ड आठवलं.

"फक्त पुढचा भाग केला तर?" मी विचारलं. दगड पुढून येतात एवढं मला अकरा किलोमीटरात समजलं होतं.

"होतं ना. बंपर, आरसे आणि अर्धं बॉनेट. पण बॉनेटवर मधोमध एक रेघ दिसते. कालांतराने त्या रेघेत धूळ बसते."

अर्धं बॉनेट म्हणजे पुढून स्वेटर आणि मागून बनियन. आमच्या घरात पूर्ण पुस्तकाला कव्हर घालतात. मी म्हटलं, सगळी गाडी. बायकोने पर्स दुसऱ्या हातात घेतली.

मग त्याने हुकमाचा पत्ता काढला. एका नमुन्याच्या पत्र्यावर त्याने तारेच्या ब्रशने खसाखसा ओरखडे काढले, किटलीतलं गरम पाणी ओतलं, आणि ओरखडे आमच्या डोळ्यांदेखत विरत विरत नाहीसे झाले. "सेल्फ हीलिंग, काका. आपोआप भरून येतं. उन्हात उभी केली तरी चालतं. खोल कापलं तर नाही, पण बारीकसारीक सगळं."

बायको इतका वेळ गप्प होती. "उष्णतेने आपोआप बरं होतं?" तिने विचारलं. "मग उरलेला तुकडा ह्यांच्या गुडघ्यांना लावून द्या."

गाडी चार दिवस तिथे राहिली. मी दोनदा बघायला गेलो, दवाखान्यात डबा घेऊन जातात तसा. पहिल्या दिवशी नुसतं न्हाणं. चिकणमातीसारख्या एका गोळ्याने सगळं अंग चोळून रंगात रुतलेले कण काढले. पाटी, अक्षरं, बोधचिन्ह, सगळे दागिने उतरवून ठेवले. मग फिल्म खाली सरकावी म्हणून जे पाणी मारतात त्यात बेबी शॅम्पू असतो, हे कळल्यावर माझे डोळे भरून यायचे बाकी राहिले. दोन पोरं दोन्ही टोकं ताणून धरतात, ओल्या अंगावर फिल्म अंथरतात, रबराच्या पट्टीने पाणी बाहेर काढत जातात, कडेला गरम हवा मारून आत दुमडतात. लुगड्याच्या निऱ्या घालाव्यात इतकं निगुतीचं काम. बाकी भागांची फिल्म मशीनवर मापाने कापून येते, पण बंपरच्या एका वळणावर त्या पोराने सरळ ब्लेड काढलं आणि फिल्म गाडीवरच कापायला घेतली. रंगाला ओरखडा पडू नये म्हणून जो कागद लावायचा त्यासाठी रंगापासून केसभर अंतरावर ब्लेड चालतंय, हे दृश्य मला बघवेना. मी बाहेर जाऊन चहा प्यायलो. समोरून डंपर जात होते.

परत आलो तर मित्र बॉनेटवर वाकून उभा. "काका, इथे एक टवका आहे."

बॉनेटच्या पुढच्या कडेला, डावीकडे, मोहरीएवढा. आत राखाडी प्रायमर दिसत होता. बेसाल्टने आपली सही केली होती.

"टच-अप करता येईल," तो म्हणाला, "पण रंग पूर्ण वाळल्याशिवाय वर फिल्म लावता येणार नाही. दहा-पंधरा दिवस थांबावं लागेल, आणि थांबलात तर गाडी घेऊन जावी लागेल."

म्हणजे ह्याच रस्त्याने जायचं आणि ह्याच रस्त्याने परत यायचं. मी हिशेब केला. जाऊन-येऊन आणखी दोन टवके. "आहे तसंच लावा," मी म्हटलं.

आणि त्याने त्या टवक्यावर, एकही बुडबुडा राहू न देता, अत्यंत सफाईने फिल्म चढवली. आठ वर्षांची वॉरंटी. आता त्या टवक्याला ऊन, पाऊस, कबुतरं, काही म्हणता काही होणार नाही. वॉरंटीचा कागद मी घरी येऊन नीट वाचला, बँकेतली सवय. फिल्म पिवळी पडली, तडकली, सुटली तर बदलून मिळेल. दगड लागून झालेलं नुकसान वॉरंटीत येत नाही.

शिवाय पथ्याचा कागद वेगळा. सात दिवस गाडी धुवायची नाही. आत पाण्याचे बारीक बुडबुडे दिसतील, ते आपोआप जातील, नखाने दाबायचे नाहीत. सुक्या फडक्याने पुसायचं नाही. सोसायटीत पहाटे गाडी पुसणारा जो मुलगा आहे त्याचं एकच फडकं बत्तीस गाड्यांवरून फिरतं, त्याला मी महिन्याचे पैसे देऊन सांगितलं की आमची गाडी पुसायची नाही. त्याला वाटलं पगारवाढ झाली. हळदकुंकवाचे डाग फिल्मवर बसतात, तेवढं सांभाळा, असंही मित्राने बजावलं होतं. आईने पूजेला बॉनेटवर स्वस्तिक काढायला हात पुढे केला आणि मी मध्ये पडलो. स्वस्तिक काचेवर काढलं. नारळ फोडताना करवंटीचा तुकडा उडू नये म्हणून तो गाडीपासून तीस फुटांवर, कुंपणाशी जाऊन फोडला. वॉचमनने विचारलं, साहेब, भिंतीची पूजा आहे का?

सातव्या दिवशी बुडबुडे गेले आणि आईचा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. फिल्म उत्तम लागली होती, म्हणजे दिसत नव्हती. एवढा पैसा घालून जी गोष्ट आणली ती कोणाच्या नजरेत येत नाही, हे दुःख मध्यमवर्गीय माणसाला नवीन आहे. सोफा आणला तर लोक बसतात. फ्लॅट घेतला तर लोक जिने मोजतात. इथे माणसं गाडीजवळून जात होती, छान रंग आहे म्हणत होती, आणि मला आतून ओरडावंसं वाटत होतं की रंगाला हात लागतच नाहीये तुमचा.

शेवटी मी सांगायला सुरुवात केली. लिफ्टमध्ये, भाजीवाल्याकडे, सोसायटीच्या मीटिंगमध्ये पाण्याच्या टाकीचा विषय चालू असताना. कोणाचा विश्वास बसेना. "कुठाय?" म्हणून सगळे वाकायचे, मोबाइलचा टॉर्च मारायचे, मी दाराची कड उघडून आत दुमडलेली फिल्म दाखवायचो, ते डोळे बारीक करून "हो का" म्हणायचे. लहान मुलं खोटं बोलली की आपण म्हणतो तसं.

रविवारी सकाळी काका आले. चष्मा बदलून, तपासणीला यावं तसे. गाडीभोवती एक प्रदक्षिणा, मग बॉनेटजवळ थांबले. "हा काय, टवका उडालाय की! लावली म्हणालास ना फिल्म?"

मला एकदम प्रकाश पडला. "काका, त्याच्यावरून बोट फिरवा."

काकांनी बोट फिरवलं. थांबले. पुन्हा फिरवलं. डोळे मिटून फिरवलं. "दिसतोय. पण लागत नाही."

"लागणारच नाही. मध्ये दोनशे मायक्रॉन आहेत."

"वा!" काका म्हणाले. पेंट शॉपमधल्या माणसाची वा होती ती, तिला वजन होतं. तासाभरात बातमी तिन्ही विंगमध्ये गेली. लोक खाली येऊ लागले. डोळ्यांना दिसणारा आणि बोटाला न लागणारा टवका बघायला रांग लागली. गाडीवर ऐंशी हजारांची फिल्म आहे याचा आख्ख्या गाडीवर एकच पुरावा होता, आणि तो त्या साडेसहा कोटी वर्षांच्या दगडाने दिलेला होता. शोरूमच्या जवळच फिल्म लावून घेतली असती तर आज माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नसता.

काकांनी जाता जाता आणखी एकदा बोट फिरवलं. या खेपेला पुष्कराजच्या अंगठीचं. बारीक, वीतभर लांब ओरखडा उमटला. सगळे स्तब्ध. काकांचा चेहरा उतरला.

"काही काळजी करू नका," मी जवळजवळ आनंदाने ओरडलो, आणि वर बाल्कनीकडे बघून हाक मारली, "अगं, गरम पाणी आण! पातेलंभर!"

सगळी सोसायटी बॉनेटकडे तोंड करून उभी राहिली. पाचेक मिनिटांनी बायको बाल्कनीत आली. एका हातात चिमट्याने धरलेलं पातेलं, दुसऱ्या हातात रबराची शेकायची पिशवी.

"पाणी एकदाच तापवलंय," ती वरून म्हणाली. "गुडघ्यांना देऊ की गाडीला, काय ते तिथूनच सांगा."